गिनीवरचा घोडा आणि नाइटसाहेबांची नाणी

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली की पहिला महिना हवेत जातो, दुसरा स्वयंपाकघर लावण्यात, आणि तिसऱ्यापासून तिला कुठं कुठं न्यायचं हा प्रश्न उभा राहतो. राणीचा वाडा, टॉवर, चाकाचा तो मोठा पाळणा, सगळं दोनदा झालेलं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिला एका नाणी-मेळ्याला घेऊन गेलो. चर्चच्या सभागृहात दहा-बारा टेबलं, त्यावर मखमलीचे ट्रे, आणि मागं बसलेले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांतल्या एकानं आमची चौकशी केली आणि खिशातून काढावी तशी एक छोटी डबी काढून आईच्या हातावर चांदीचं एक नाणं ठेवलं.

नाण्यावर एक चेहरा होता. डोळे वटारलेले, केस पसरलेले, जीभ लांब बाहेर काढलेली. आईनं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली की हे तर आपलं कीर्तिमुख! देवळाच्या उंबरठ्यावर असतं ते. त्या गृहस्थांना मी भाषांतर करून सांगितलं. ते इतके खूश झाले की आम्हाला बसायला खुर्च्या आणि चहा मिळाला.

नाणं एट्रुस्कन होतं. रोमन लोक मोठे होण्याआधी इटलीच्या पश्चिम किनाऱ्याकडं जे लोक नांदत होते, त्यांचं. आजचं टस्कनी हे नाव त्यांच्यावरूनच आलं. पोपुलोनिया नावाच्या त्यांच्या बंदरात, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास ही चांदीची नाणी पाडली. चेहरा गॉर्गनचा, म्हणजे जिच्याकडं पाहिलं की माणसाचा दगड होतो ती. चेहऱ्याखाली दोन फुल्या, म्हणजे किंमत वीस. वजन साधारण आठ ग्रॅम. गंमत म्हणजे मागची बाजू बहुधा कोरीच. ग्रीकांची नाणी दोन्हीकडून नटलेली असतात, यांनी मात्र एकच बाजू कामाची मानली. पोपुलोनिया समोरच्या एल्बा बेटावरचं लोखंड गाळायचं गाव होतं. तिथल्या मळीचे ढीग इतके साचले की जुनी थडगी त्याखाली गाडली गेली, आणि विसाव्या शतकात उरलंसुरलं लोखंड काढायला ती मळी पुन्हा उकरली तेव्हा थडगी वर आली.

ही नाणी थोडी आहेत आणि ती जमवणारेही थोडेच. त्या गृहस्थांनी मला बोलता बोलता सांगितलं की इंग्लंडात जुन्या नाण्यांचं वेड समजून घ्यायचं असेल तर रिचर्ड पेन नाइट या माणसाचं चरित्र वाचावं. घरी येऊन वाचायला लागलो, आणि ते प्रकरण दोन-तीन महिने पुरलं. आपल्या वाचकांना ते आवडेल असं वाटतं, कारण यात लोखंड आहे, सोनं आहे, फसवणूक आहे, कोर्टकचेरी आहे, आणि चक्क आपली घारापुरीसुद्धा आहे.

नाइट घराण्याचा पैसा लोखंडाचा. आजोबांनी वेल्सच्या सीमेजवळ, हेरफर्डशर आणि श्रॉपशर भागात लोखंडाच्या भट्ट्या चालवून गडगंज संपत्ती केली आणि लडलो गावाजवळ डाउन्टन इथं जमीनजुमला घेतला. त्यांचा एक मुलगा धर्मोपदेशक झाला. त्याच्या पोटी १७५१ साली रिचर्ड जन्मला. पोर इतकं अशक्त की वडिलांनी शाळेतच घातलं नाही. वडील १७६४ मध्ये गेले आणि त्यानंतर काकाही गेले. चौदा-पंधराव्या वर्षी हा किडकिडीत मुलगा प्रचंड इस्टेटीचा मालक झाला, आणि लॅटिनचा श्रीगणेशाही त्याच सुमारास झाला! ग्रीक त्याहून उशिरा. विद्यापीठात तो कधी गेलाच नाही. इंग्लंडात ऑक्सफर्ड-केम्ब्रिजचा शिक्का नसलेल्या माणसाला विद्वान म्हणून घ्यायला काय काय करावं लागतं, ते इथं आलेल्या आपल्यांपैकी कित्येकांना वेगळ्या कारणानं माहीत आहे. रिचर्ड घरी बसून शिकला आणि ग्रीकमध्ये भल्याभल्यांशी वाद घालण्याइतका तयार झाला. उशिरा आणि स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यांत एक हट्टीपणा असतो, तोही त्याच्यात पुरेपूर उतरला. तो पुढं त्याला भोवला.

विशीत इटलीची वारी झाली. मग १७७७ च्या वसंतात हाकर्ट नावाच्या जर्मन चित्रकाराला आणि एका मित्राला बरोबर घेऊन स्वारी नेपल्सहून सिसिलीला निघाली. पेस्टम, सेजेस्ता, अग्रिजेंतो, सिराक्यूज, आणि शेवटी एटना ज्वालामुखीचा डोंगर. या प्रवासाची नाइटनं रोजनिशी ठेवली. ती इंग्रजीत छापलीच नाही. हाकर्टकडून ती थेट महाकवी ग्योटेच्या हाती गेली आणि त्यानं तिचं जर्मन भाषांतर करून हाकर्टच्या चरित्रात छापलं. मूळ इंग्रजी वही पुढं जर्मनीत वायमारच्या दप्तरात सापडली आणि ती छापून यायला १९८६ साल उजाडलं.

सिसिलीत त्यांना ग्रीक नाण्यांचं वेड लागलं असं म्हणायला हरकत नाही. त्या काळी इंग्लंडातले सरदार इटलीतून संगमरवरी पुतळे आणत. पुतळा खणून काढला तेव्हा नाक नसे, हात नसत. रोममधले कारागीर नवीन नाक, नवीन हात बसवून द्यायचे, आणि साहेब तो अस्सल म्हणून दिवाणखान्यात उभा करायचे. नाइटसाहेबांचं म्हणणं असं की पुतळ्याला कुणी ना कुणी हात लावलेला असतो, पण नाणं दुरुस्त करून कुणी विकत नाही. जसं टांकसाळीतून बाहेर पडलं, जमिनीत गेलं आणि वर आलं, तसंच ते आपल्या तळहातावर येतं. ग्रीक कारागिराचा हात पाहायचा तर नाणं पाहावं, नाहीतर छोटी कांस्यमूर्ती. म्हणून त्यांनी जन्मभर मुख्यतः हेच दोन जमवले. पुतळ्यांचा नाद त्यांचे मित्र चार्ल्स टाउन्ली यांच्यावर सोडला.

कांस्यमूर्तींची एक हकीगत सांगायलाच हवी. ग्रीसच्या वायव्येला पारामिथिया गावाजवळ अठराव्या शतकाच्या शेवटी मूर्तींचा एक साठा सापडला. तो पोचला एका तांबटाकडं, वितळवायला! एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नजरेला त्या पडल्या म्हणून वाचल्या, काही रशियाकडं गेल्या, आणि पुढं त्यांतल्या बऱ्याचशा नाइटसाहेबांनी मिळवल्या. आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडं बोहारणीला आणि मोडीत किती पितळी समया, किती देव गेले, त्याचा विचार न केलेला बरा.

इकडं डाउन्टनला त्यांनी १७७२ पासून स्वतःच्या कल्पनेनं वाडा बांधायला घेतला. बाहेरून मध्ययुगीन किल्ला, बुरूज वगैरे, आणि आत जेवणघर रोमच्या पॅन्थिऑनसारखं घुमटाचं. टीम नदीच्या घळीतून वाटा काढल्या. झाडंझुडपं कापून गुळगुळीत हिरवळ करण्याची त्या वेळची फॅशन त्यांना अजिबात पसंत नव्हती. रानाला रानासारखं राहू द्या, असा त्यांचा आग्रह. १७९४ मध्ये या विषयावर त्यांनी दीर्घ काव्य लिहिलं आणि नामांकित बागकारांशी भांडण ओढवून घेतलं. १७८० ते १८०६ अशी सव्वीस वर्षं ते खासदारही होते, आधी लेमिन्स्टरचे, नंतर लडलोचे. तिथं फारसं काही केल्याची नोंद नाही, तर तेही सोडून देऊ.

आता घारापुरी. १७८४ मध्ये कंबरलँड या लढाऊ जहाजाच्या कप्तानानं मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यांतून एक कोरीव तुकडा इंग्लंडात आणला. तो टाउन्लींनी विकत घेतला. नाइटसाहेब त्या वेळी जननशक्तीच्या प्राचीन उपासनेवर पुस्तक लिहीत होते. इटलीतल्या एका गावात अजून टिकून असलेली चाल त्यांना नेपल्सचे इंग्लिश वकील सर विल्यम हॅमिल्टन यांच्याकडून कळली होती. त्या पुस्तकात त्यांनी घारापुरीचा तुकडा चित्रासकट घातला आणि ग्रीक, रोमन आणि हिंदू उपासनांच्या मुळाशी एकच कल्पना असावी असं मांडलं. १७८६ मध्ये पुस्तक मोजक्या मित्रांत वाटण्यापुरतं छापलं. तरी बभ्रा व्हायचा तो झालाच. पाद्र्याच्या मुलानं असं काही लिहावं म्हणून छापील शिव्या पडल्या, आणि साहेबांनी हाती लागतील त्या प्रती परत गोळा करायला सुरुवात केली. लेण्यातून दगड काढून नेल्याचा राग मला येतो, तो येणारच. पण मुंबईत राहणाऱ्या बहुतेक गोऱ्यांना जिथं नुसते राक्षस दिसत होते, तिथं हेरफर्डशरमध्ये बसलेल्या या माणसाला विचार दिसला, हेही तितकंच खरं.

हॅमिल्टनसाहेबांचा विषय निघालाच आहे तर स्टोक-ऑन-ट्रेंटला राहणाऱ्या वाचकांसाठी एक. तुमच्याकडं एट्रुरिया नावाची वस्ती आहे ना, ते नाव याच भानगडीतून आलं. हॅमिल्टन यांनी इटलीत जमवलेली रंगीत मातीची भांडी एट्रुस्कन आहेत असं तेव्हा सगळे समजत होते. जोसाया वेजवुड यांना ती इतकी आवडली की १७६९ मध्ये काढलेल्या नव्या कारखान्याचं नावच त्यांनी एट्रुरिया ठेवलं. पुढं कळलं की भांडी बहुतेक ग्रीक कारागिरांची. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

चूक नाइटसाहेबांनीही केली, आणि ती साधी नव्हती. लॉर्ड एल्गिननी अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं जहाजांत भरून लंडनला आणली, तेव्हा जाणकार म्हणून साहेबांचा शब्द सर्वांत वजनदार. त्यांनी शिल्पं नीट पाहण्याआधीच जाहीर करून टाकलं की ही ग्रीक सुवर्णकाळाची नव्हेत, बरीचशी रोमन बादशहा हेड्रियनच्या वेळची आहेत. मागच्या एका प्रवाशाच्या पुस्तकात तसं लिहिलेलं होतं, त्यावर विसंबून. १८१६ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढं त्यांची साक्ष झाली. त्यांनी एकूण किंमत २५,००० पौंड सांगितली. सरकारनं ३५,००० दिले. इटलीहून आलेल्या मोठ्या शिल्पकारांनी आणि पंडितांनी ती शिल्पं डोक्यावर घेतली होती. लंडनच्या तरुण चित्रकारांनी साहेबांची मनसोक्त टर उडवली. पासष्ट वर्षांच्या माणसाची आयुष्यभराची जाणकारी एका उन्हाळ्यात पार धुळीला मिळाली.

आणि त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट तर एखाद्या नाटकातली वाटावी. बोनेल्ली नावाच्या इटालियन दलालानं साहेबांना एक कॅमिओ विकला. कॅमिओ म्हणजे थरांच्या रंगीत दगडात उठावानं कोरलेलं छोटं चित्र. फुलांचा मुकुट घातलेली फ्लोरा. प्राचीन, अस्सल, अप्रतिम. साहेबांना तो आपल्या संग्रहातला उत्तम कॅमिओ वाटायचा. सोहो स्क्वेअरमध्ये शेजारीच सर जोसेफ बँक्स राहायचे, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष आणि मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८१५ मध्ये एके दिवशी बँक्स आपला चेहरा मेणात करून घेत बसले होते. ते काम करत होता रोमहून नुकताच आलेला एक कारागीर, बेनेदेत्तो पिस्त्रुची. तेवढ्यात नाइटसाहेब कॅमिओ दाखवायला आले. पिस्त्रुचीनं मान वर करून पाहिलं आणि सांगितलं की हा प्राचीन वगैरे नाही, मी स्वतः रोममध्ये केलेला आहे. दलालानं माझ्या हातावर चार पैसे टेकवले होते. माझी खुणेची निशाणीसुद्धा त्यावर आहे.

साहेबांनी साफ नाकारलं. मुकुटातली फुलं गुलाबाची की डाळिंबाची इथपर्यंत वाद गेला, आणि तोही बँक्ससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञासमोर! पिस्त्रुचीनं दुसरा तसाच कॅमिओ करून दाखवला. तरी साहेब बधले नाहीत. ते शेवटपर्यंत तो प्राचीनच मानत राहिले. नाण्याला कुणी हात लावत नाही म्हणून नाण्यांवर विश्वास टाकणारा माणूस दगडाच्या एका तुकड्यावर फसला. मला वाटतं, फसलो हे त्यांना मनातून कळलं असावं. पण एल्गिन प्रकरणाची जखम ताजी असताना तोंडानं कबूल करायचं कसं? कॅमिओ आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आता पिस्त्रुचीच्या नावानं.

या भांडणात पिस्त्रुचीचं मात्र भलं झालं. लंडनभर नाव झालं, मोठ्या घरांतून कामं आली, आणि तिथून तो टांकसाळीत पोचला. १८१७ मध्ये इंग्लंडनं सोन्याचा नवा सॉव्हरिन काढला, त्यावरचा घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणारा सेंट जॉर्ज पिस्त्रुचीनं केलेला. आपल्या घरात जिला गिनी म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. खरी गिनी एकवीस शिलिंगांची, वेगळी, आणि ती १८१४ नंतर पाडलीच गेली नाही. पण आपल्या सोनारांनी नाव बदललं नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, हाच सॉव्हरिन मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. सुमारे १३ लाख नाणी. त्यांवर घोड्याखालच्या जमिनीत इंडियाचं इंग्रजी आद्याक्षर अगदी बारीक कोरलेलं असतं.

साहेबांकडं परत येऊ. १८०८ च्या सुमारास त्यांनी डाउन्टनचा वाडा धाकट्या भावाच्या, टॉमस अँड्र्यू नाइट यांच्या हवाली केला. हे भाऊ म्हणजे आणखी एक वल्ली. सफरचंदांच्या जाती, मटारांचे संकर (मेंडेलच्या कितीतरी आधी), बागाईत संस्थेचं अध्यक्षपद. मोठे भाऊ गावी आले की त्याच आवारात एका छोट्या घरात राहायचे, एरवी लंडनला सोहो स्क्वेअरमध्ये नाण्यांच्या कपाटांसोबत. लग्न केलेलं नव्हतं. १८१४ पासून ते ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त होते. संग्रहाची यादी ते स्वतः करत होते, लॅटिनमध्ये, एकेक नाणं हातात घेऊन. १८२१ मध्ये सिराक्यूजच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवर त्यांचा लेख छापून आला. सत्तरीत, सगळी नाचक्की झाल्यावर, माणूस तरुणपणच्या सिसिलीकडं परत गेला.

२३ एप्रिल १८२४ रोजी ते वारले. तो दिवस सेंट जॉर्जचा, आता काय म्हणावं! पुरलं मात्र गावी, वर्म्सलीच्या छोट्या चर्चच्या आवारात.

मृत्युपत्रात सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला. पाच हजारांहून जास्त नाणी, शेकडो कांस्यमूर्ती, हजाराहून जास्त रेखाचित्रं, त्यांत क्लोद लोरेनची मोठी रास. बदल्यात पैसा नको, पण नाइट घराण्यातला एकजण म्युझियमचा वंशपरंपरागत विश्वस्त असावा, एवढी अट. त्यासाठी पार्लमेंटला त्याच वर्षी कायदा करावा लागला. लॅटिन यादी १८३० मध्ये म्युझियमनं छापली. त्यांच्या नाण्यांच्या नोंदीत आजही त्यांची तीन आद्याक्षरं असतात आणि पुढं त्या यादीतला पान क्रमांक.

नाण्यांची व्यवस्था अशी चोख. जमिनीची मात्र नाही. इस्टेट भावाला दिली आणि पुढं ती घराण्यातल्या पुरुषवंशाकडं जावी, जशी आजोबांची इच्छा होती, अशी अपेक्षा लिहून ठेवली. माझ्यामागून येणारे न्यायानं वागतील असा विश्वास टाकला, सक्ती केली नाही. भाऊ १८३८ मध्ये गेले. त्यांचा मुलगा आधीच वारलेला. इस्टेट मुलीकडं जाणार म्हटल्यावर पुरुषवंशातले चुलत नातेवाईक कोर्टात गेले. १८४० मध्ये लॉर्ड लँगडेल यांनी निकाल दिला. नुसती इच्छा आणि विश्वास म्हणजे विश्वस्त-निधी नव्हे. हेतू, मालमत्ता आणि लाभार्थी, तिन्ही गोष्टी पक्क्या असल्याच पाहिजेत. मुलीकडची बाजू जिंकली. इथं कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलांना नाइट विरुद्ध नाइट हा खटला पाठ करावा लागतो. आपल्या १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यातही याच कसोट्या आहेत. गावाकडच्या जमिनीबद्दल भाऊ बघून घेतील असं म्हणून इथं निवांत बसलेल्यांनी हा निकाल एकदा सावकाश वाचावा.

आणखी एक, विषयाला धरूनच. हे सगळं वाचून कुणाला आजीच्या डब्यातली जुनी नाणी बॅगेत घालून इकडं आणायची इच्छा होईल, तर थांबा. आपल्या १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. मुंबईत पाडलेला १९१८ चा सॉव्हरिनही आता शंभरी ओलांडून बसला आहे.

आईचीही एक गिनी आहे, तिच्या सासूबाईंनी दिलेली. ती कोल्हापूरला बँकेच्या लॉकरमध्ये. आई दिवाळीला परत गेली आणि पाडव्यानंतर मुद्दाम काढून आणली. व्हिडिओ कॉलवर भिंग लावून आम्ही घोड्याखालचं मुंबईचं अक्षर शोधत बसलो. अक्षर नव्हतं. साल १९११ निघालं, म्हणजे नाणं लंडनचंच. सालाच्या उजवीकडं मात्र दोन बारीक अक्षरं दिसत होती, बी आणि पी. मी सांगितलं की ही बेनेदेत्तो पिस्त्रुचीची सही. आईला बी.पी. म्हणजे एकच गोष्ट ठाऊक, त्यामुळे तिनं आधी मला सकाळची गोळी घेतली का ते विचारलं, आणि मग गिनी परत रुमालात बांधली.